दाऊदभाईंनी टिपलेले साक्षीदार

दाऊदभाई होडेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसून. एकोणीसशे पन्नासचे दशक तेव्हा निम्मे सरले होते. मुंबईहून आगबोटीने मी नुकताच कतारला आलो होतो, दोह्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात चिकटलो होतो आणि परवान्यासाठी मला फोटो हवा होता. शेजारच्याच गाळ्यावर अरबी आणि इंग्रजी अक्षरांतली पाटी होती, आणि तिच्या खाली, जणू जागा उरली म्हणून, बारीक मराठी अक्षरांत ‘होडेकर फोटो स्टुडिओ’ असे लिहिले होते. ती अक्षरे पाहून मी आत शिरलो.

आत उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर पांढरी टोपी आणि बोटांवर रसायनांचे पिवळे डाग असलेले एक गृहस्थ दिवे नीट करत होते. मी नाव सांगितले. “गुहागरकडचे का?” त्यांनी विचारले. कशावरून ओळखलेत, असे मी म्हटल्यावर ते नुसते हसले आणि मला स्टुलावर बसवले. कॅमेऱ्यामागे गेले, मान बाहेर काढली आणि म्हणाले, “लिमये, एक सांगा. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट दुसऱ्याला सांगताना तुम्ही कुठं बघता? समोरच्याकडं बघता, का आणखी कुठं?”

मी म्हणालो, “कधी लक्ष दिलं नाही.”

“मीही माझ्या बाबतीत दिलं नाही,” ते म्हणाले, “पण दुसऱ्यांच्या बाबतीत देतो. फार निरनिराळं असतं.” आणि त्यांनी बटण दाबले. परवान्यावरच्या त्या फोटोत मी कुठेतरी छताकडे पाहतो आहे. अधिकाऱ्याने तो कसा चालवून घेतला हे मला आजही कळलेले नाही.

यंदा दाऊदभाईंनी साठ वर्षे पूर्ण केली. त्यानिमित्त इथल्या कोकणवासी मंडळींनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि ‘त्या फिल्मांबद्दल’ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. फिल्मांमधला आवाज मी घेतलेला आहे, एवढाच माझा अधिकार. अनेकांना दाऊदभाई ठाऊक आहेत ते लग्नाच्या आणि ईदच्या फोटोंमुळे. परंतु युद्धात झालेल्या अत्याचारांचा न्याय मागण्यासाठी जी साधी माणसे धडपडली, त्यांची चित्रे दाऊदभाईंनी कशी घेतली, हे सांगणारे आम्ही दोघे-तिघेच आहोत.

दाऊदभाई मूळचे बाणकोटच्या खाडीकाठचे. घराण्यात सगळे दर्यावर्दी. याच घरात एक मुलगा बोटीऐवजी गिरगावातल्या फोटो स्टुडिओत कामाला लागला, म्हणून गावात बरीच वर्षे थट्टा चालली होती. तिथे ते नवरदेवांच्या फोटोंवरचे देवीचे व्रण पुसायचे काम करत. ते स्वतः सांगतात, “माणसाच्या चेहऱ्यावरचं काय काय पुसलं मी! मग एकदा वाटलं, हे व्रण कसे आले ते कधी विचारलंच नाही.” पुढे कतारमध्ये तेलाचे काम वाढू लागले, कोकणातले कारकून, सुतार, सारंग इकडे येऊ लागले, आणि त्यांच्यामागून दाऊदभाईही आले. इथे प्रत्येक कामगाराला पाससाठी फोटो लागतो. त्यामुळे दोह्यात उतरलेला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी दाऊदभाईंच्या स्टुलावर बसला आहे.

इब्राहिम तांडेल असेच बसायला आले होते. ते दोह्याजवळच्या उम सईदच्या बंदरावर, तेलवाहू जहाजांचे दोर बांधणाऱ्या लाँचवर सारंग, म्हणजे प्रमुख खलाशी, होते. रुंद खांद्यांचे, मोजके बोलणारे, चाळिशीचे गृहस्थ. दाऊदभाईंच्या दिव्याची वायर दुरुस्त करायला मी त्या वेळी आत होतो. पाससाठी नुसता चेहरा पुरतो, पण दाऊदभाईंना हात मांडीवर नीट ठेवलेले लागतात, नाहीतर खांदे वाकडे येतात म्हणे. त्यांनी तांडेलांचे हात सरळ केले आणि तसेच धरून ठेवले. दोन्ही मनगटांभोवती पांढरट वळ होता.

“ही खूण कसली, इब्राहिमभाई?”

“तारेची.”

“तार कशाला बांधली होती?”

“मारायसाठी.”

आपले गाव कोणते हे सांगावे त्या सुरात ते बोलले. मग थोडक्यात सांगितले ते असे. युद्धात ते एका मालवाहू जहाजावर खलाशी होते. हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने ते जहाज बुडवले. होड्यांत उतरलेल्या माणसांना पाणबुडीच्या पाठीवर चढवले, तारेने हात बांधले आणि एकेकाला मारून पाण्यात टाकू लागले. तांडेलांची पाळी येण्याआधी पाणबुडी अचानक पाण्याखाली जाऊ लागली. ते बांधल्या हातांनी पाण्यात पडले, एका फळकुटावर छाती टेकून तरंगत राहिले, आणि दुसऱ्या एका जहाजाने त्यांना उचलले.

मी हातातली वायर तशीच धरून उभा होतो. आपण अशा वेळी हळहळतो, काहीतरी बोलतो. दाऊदभाईंनी तसे काही केले नाही. त्यांनी विचारले, “मग तुम्ही काय केलंत?”

“कधी?”

“परत आल्यावर.”

उठायच्या बेतात असलेले तांडेल पुन्हा स्टुलावर बसले. “बोट कशी बुडली ते सगळे विचारतात,” ते म्हणाले. “परत येऊन काय केलं ते अजून कोणी विचारलं नाय.”

या एका प्रश्नातून पुढचे सगळे काम उभे राहिले. दाऊदभाईंना अत्याचाराची हकिगत ऐकण्याची हौस नव्हती. त्यांना कुतूहल होते ते पुढच्या गोष्टीचे. मरणातून सुटलेला माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो. मग एके दिवशी उठून ‘हे मला सांगायचे आहे’ म्हणून सरकारी कचेरीच्या दारात कसा जाऊन उभा राहतो? कोण त्याला धाडते? तिथे त्याच्याशी कोण कसे बोलते? आपल्या घरात असे कोणी नव्हते, भाऊ किंवा मुलगा युद्धात गेला नव्हता, तरी हे का करता, असे त्यांना पुष्कळांनी विचारले आहे. “मला माहीत नाही म्हणून,” एवढेच त्यांचे उत्तर असते.

त्या सुमारास एक इंग्रज इंजिनियर मायदेशी परतत होता. त्याच्याकडून दाऊदभाईंनी जुना फिल्म कॅमेरा घेतला आणि मला म्हणाले, “आवाजाचं तुम्ही बघा.” माझ्याकडे दुरुस्तीला येऊन मालकाने परत न नेलेला एक टेप रेकॉर्डर होता. दुकानमालकाला विचारून तो आम्ही वापरायला घेतला. कच्ची फिल्म उन्हाने खराब होऊ नये म्हणून तिचे डबे माझ्या दुकानातल्या रेफ्रिजरेटरमध्ये, लिंबांच्या टोपलीखाली असत. दर शुक्रवारी दुपारी, नमाज आणि जेवण उरकल्यावर तांडेल येत.

दाऊदभाईंची एक पद्धत मी आणखी कुठे पाहिली नाही. ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्या हाती ते आधी साधा कॅमेरा देतात आणि स्वतः स्टुलावर बसतात. “आधी तुम्ही माझा काढा. बघितलं जाणं कसं असतं ते मलाही कळू दे.” तांडेलांनी काढलेल्या फोटोत दाऊदभाईंचे अर्धेच डोके आले आहे.

आवाज घेताना पंखा बंद करावा लागे, कारण त्याची घरघर टेपवर उतरते. दोह्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत दिवे लावून पंखा बंद करणे म्हणजे काय, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. दाऊदभाई ओला पंचा तांडेलांच्या हाती देत, मध्येच सरबत पुढे करत, आणि स्वतः मात्र घामाने निथळत कॅमेऱ्यामागे उभे राहत. घाई कधी केली नाही. तांडेल थांबले की तेही थांबत. फिल्म वाया जाते आहे हे मला दिसत असे, पण ते हाताने ‘चालू द्या’ अशी खूण करत.

अशा शुक्रवारांतून हकिगत पुढे सरकली. युद्ध संपल्यावर तांडेल गावी परतले, ते आधी स्वतःच्या घरी न जाता शेजारच्या गावी हलीमाबींच्या दारी गेले. त्यांचे पती कासम त्याच जहाजावर होते आणि त्या दिवशी तांडेलांच्या पुढेच बसवलेले होते. हलीमाबींकडे सरकारी कागद आला होता, ‘जहाज बुडून मृत्यू’ असा. तांडेलांनी खरे काय झाले ते सांगितले. त्यांनी तो कागद आणून पुढे ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणजे हा कागद खोटा हाय. इब्राम, तू बघितलंस ना? मग जिथं सांगायचं तिथं जाऊन सांग.”

“तिनं सांगितलं नसतं तर?” दाऊदभाईंनी विचारले.

“तर गेलो नसतो,” तांडेल म्हणाले. “मना जायचं नव्हतं. मना झोपायचं होतं.”

ते मुंबईला गेले. एका कचेरीने दुसरीकडे धाडले, दुसरीने तिसरीकडे. ‘तुझी भरपाई मिळायची ती मिळाली ना, मग घरी जा,’ असेही ऐकून घेतले. बोटीवर नोकरी धरायची, सफर संपवून मुंबईला उतरले की पुन्हा त्याच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायच्या, असे चालले होते. अखेर एका अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली आणि सगळे ऐकून घेतले. त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी बोलावणे आले. पूर्वेकडच्या एका बंदरात लष्करी न्यायालय बसले होते, तिथे साक्ष द्यायची होती. तांडेलांकडे कोट नव्हता. गावातल्या मास्तरांचा कोट नेला, तो खांद्यांत इतका आवळत होता की शपथ घेताना हात वर जाईना.

आणि मग त्यांनी त्या शब्दाची गोष्ट सांगितली.

साक्ष हिंदुस्तानीत द्यायची होती आणि एक दुभाष्या ती इंग्रजीत करून सांगत होता. बोलता बोलता तांडेल आपल्या बोलीवर घसरले. “एकेकाला पाण्यात सोडलं,” असे म्हणाले, म्हणजे मारून पाण्यात टाकले. दुभाष्या उत्तरेकडचा. त्याने ‘सोडलं’चा अर्थ आपल्या ‘छोड दिया’वरून लावला आणि इंग्रजीत सांगितले, ‘लेट गो’. तांडेलांना इंग्रजी येत नसले तरी जहाजावर हा हुकूम त्यांनी रोज ऐकला होता. दोर मोकळा करा, असा त्याचा अर्थ. आरोपी होता त्या पाणबुडीवरचा अधिकारी; त्याचे वकील उभे राहिले. कैद्यांना मोकळे केले असे हा साक्षीदारच म्हणतो आहे, असे ते न्यायाधीशांना सांगू लागले.

“मी उभा राहिलो,” तांडेल टेपवर सांगतात. “मना बसायला सांगितलं. मी बसलो नाय. दोनी हात असे एकावर एक धरले, नि असा खाली पडून दावलं. कोर्टात. मास्तरांचा कोट पाठीवर फाटला.”

त्या आरोपी अधिकाऱ्याला कैदेची शिक्षा झाली. काही वर्षांनी त्याची सुटका झाल्याचे तांडेलांना दोह्यातच कोणीतरी वर्तमानपत्र वाचून सांगितले. दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे लाँचवर गेले. आता जपानी तेलवाहू जहाजेही उम सईदला लागतात. त्यांचे दोर झेलताना मनात काय येते, असे दाऊदभाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, “वरून पोरगा दोर टाकतो. पंचवीसचा पण नसंल. त्याचा काय संबंध? मी दोर धरतो.”

या कामाची कुणकुण बाजारात लागली, तेव्हा कोकणातलेच एक वयस्कर व्यापारी दाऊदभाईंना भेटायला आले. माणूस भला, नव्याने येणाऱ्या कित्येकांना त्यांनी आसरा दिलेला. ते म्हणाले, “दाऊद, आपण इथं पोटासाठी आलोय. जपानी जहाजं येतात, त्यावर आपली माणसं काम करतात. उद्या कुणी म्हणालं, या सारंगाची कसली फिल्म काढतात, तर इब्राहिमची नोकरी जाईल. जुनं उकरून काय मिळणार?”

दाऊदभाई म्हणाले, “चाचा, मीही त्यांना तेच विचारतोय. काय मिळालं म्हणून.”

“मग काय म्हणाला तो?”

“अजून सांगितलं नाही. तुम्ही शुक्रवारी या, तुमच्यासमोर विचारतो.”

व्यापारी आले नाहीत, पण मनाईही केली नाही. मात्र त्यांचे बोलणे दाऊदभाईंनी झटकून टाकले नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांनी ते तांडेलांना जसेच्या तसे सांगितले आणि म्हणाले, “नोकरी तुमची आहे. ‘खलास, आता पुरे’ म्हणा, मी फिल्म तुमच्या हवाली करतो.” तांडेलांनी आठवडाभर विचार केला. मग आले, पंखा आपल्याच हाताने बंद केला आणि बसले.

दाऊदभाईंच्या या कुतूहलाला माया कशी असते, ते मी माझ्यावरच्या प्रसंगात अनुभवले. माझे वडील गुहागरला वारले त्याची तार आली, तेव्हा बोट निघून गेली होती आणि मला जाणे शक्य नव्हते. सगळे येऊन धीर देऊन गेले. दाऊदभाई संध्याकाळी आले, माझ्या दुकानात खाली बसले आणि म्हणाले, “लिमये, वडील तुम्हाला हाक कशी मारायचे?” मी सांगू लागलो. ते विचारत गेले. चालताना चपलांचा आवाज कसा यायचा, रागावले की कोणता शब्द वापरायचे. दिवे लागेपर्यंत मी बोलत होतो. त्या दिवशी मला रडू आले ते त्यांच्यासमोर, आणि त्यानंतर जेवण गेले तेही त्यांच्याच घरी. त्यांच्यात दोष आहेत. नवरदेवाचे फोटो वेळेवर देत नाहीत, चहात साखर इतकी घालतात की चमचा उभा राहावा. पण ज्याला त्यांनी एकदा प्रश्न विचारला, त्याला ते विसरत नाहीत.

तांडेल एकदा म्हणाले, “भाई, माझं काय घेता, त्या बाईचं घ्या.” म्हणून पुढच्या खेपेला दाऊदभाई कोकणात गेले ते हलीमाबींकडे. टेप रेकॉर्डर कसा चालवायचा ते माझ्याकडून शिकून घेतले होते. हलीमाबींनी चेहरा द्यायला नकार दिला. “आवाज घ्या,” त्या म्हणाल्या. त्यामुळे त्या फिल्ममध्ये त्या कुठेच दिसत नाहीत. दिसते ते घराचे दार, विहिरीकडे जाणारी पायवाट, तांदूळ निवडणारे दोन हात. आणि वर त्यांचा ठाम, किंचित चिरका आवाज. त्या सांगतात, कागदावर अंगठा द्यायला त्यांनी कसा नकार दिला, मामलेदार कचेरीतले लोक कसे कंटाळले, ‘मेला तो मेला, बुडून काय नि मारून काय’ असे सासरचेच कसे म्हणाले. “बुडला म्हणजे दर्यानं नेला,” त्या म्हणतात. “दर्यावर मी कशाला आळ घेऊ? दर्यानं नाय नेला. माणसानं मारला. तसं लिहा, मी अंगठा देते.” मी पुष्कळ वर्षे आवाजाचे काम करतो आहे, पण तो तुकडा लावताना अजूनही हातातले काम बाजूला ठेवतो.

दाऊदभाईंच्या डोक्यात आता दुभाष्या घोळू लागला. तो कोण होता? आपली चूक त्याच्या लक्षात आली होती का? तांडेलांना एवढेच आठवत होते की तो बारीक अंगाचा होता, चष्मा लावायचा आणि सारखी वेलची चघळायचा. तेवढ्यावर दाऊदभाईंनी शोध सुरू केला. फौजेत कारकून असलेला कोणीही फोटोला आला की त्याला विचारायचे. आम्ही हसायचो. काही वर्षांनी एका पंजाबी फोरमनने सांगितले की असा एक माणूस, माथुर नावाचा, बहरीनला जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका पेढीत कारकुनी करतो.

दाऊदभाई बहरीनला गेले, मला सोबत घेऊन. माथुरसाहेब आम्हाला सभ्यपणे भेटले, चहा दिला, आणि विषय निघताच उठून उभे राहिले. “मुझे कुछ याद नहीं,” ते म्हणाले. दाऊदभाईंनी आग्रह केला नाही. फक्त म्हणाले, की फोटो नको असेल तर नका देऊ, पण माझा एक काढून द्या, मी सगळ्यांकडून घेतो. माथुरसाहेबांनी नाइलाजाने कॅमेरा हाती घेतला, डोळ्याला लावला आणि तसाच धरून बोलू लागले. कॅमेऱ्यामागे तोंड अर्धे झाकलेले होते, म्हणून की काय कोण जाणे. “वो लफ्ज आज भी कान में बजता है,” ते म्हणाले. साक्षीदाराला उभे राहिलेले पाहून चूक त्यांना कळली होती. त्यांनी दुरुस्तीही सांगितली होती. पण दुरुस्ती नीट नोंदली गेली की नाही, त्या शब्दामुळे शिक्षा हलकी झाली की काय, हे त्यांना कधी कळले नाही. ते घेऊन ते इतकी वर्षे जगत होते.

“इब्राहिमभाई दोह्यातच आहेत,” दाऊदभाई म्हणाले. “येता का भेटायला?”

त्या वेळी ते ‘देखेंगे’ म्हणाले, पण हिवाळ्यात खरोखरच आले. तो शुक्रवार मी विसरणार नाही. स्टुडिओत दोन स्टुले समोरासमोर मांडली होती. माथुरसाहेब आत आले, तांडेलांनी त्यांना ओळखले आणि उठून उभे राहिले. दोघेही बसेनात. मी टेप सुरू केली होती. दाऊदभाईंनी कॅमेरा सुरू केला आणि जन्मात पहिल्यांदाच काही विचारले नाही.

माथुरसाहेब म्हणाले, “आपने जो कहा था, वो मैंने गलत कहा.”

तांडेल आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “साहब, तुम उधर रोज बैठता था?”

“रोज. कई महीने.”

“सब लोग का बात तुम बोलता था? ‘मेरे को बांधा, मेरे को मारा,’ सब?”

“सब. गवाह ‘मैं’ कहे तो मुझे भी ‘मैं’ ही कहना पड़ता था.”

तांडेल एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, “मैं तो मेरा एक का बोला, साहब. तुम सबका बोला.” आणि त्यांनी माथुरसाहेबांचा हात धरून त्यांना खाली बसवले. माथुरसाहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. टेपवर त्या जागी काहीच नाही, फक्त बाहेर बाजारातल्या हमालाची ‘यल्ला, यल्ला’, चला चला, अशी हाक आहे. ती काढून टाकू का, असे मी नंतर विचारले होते. दाऊदभाई नको म्हणाले.

मग दाऊदभाईंना त्या व्यापाऱ्यांचा प्रश्न आठवला. त्यांनी तांडेलांना विचारले, “या सगळ्यातून काय मिळालं?”

“मी बोललो ते आणखी एकाला आठवतं,” तांडेल म्हणाले. “मना वाटायचं मी एकटाच.”

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. बहरीनला परत जाण्याआधी माथुरसाहेबांनी स्वतः होऊन विचारले की मी काही करू शकतो का. तेव्हा दाऊदभाईंनी त्यांना हलीमाबींचा आवाज ऐकवला. मराठी त्यांना समजत नव्हती, मी वाक्यावाक्याला हिंदीत सांगत गेलो आणि सांगताना एकेका शब्दाला अडखळत होतो, कारण दुभाष्यासमोर दुभाषेपण करायचे होते. त्यांनी शपथेवर निवेदन करून दिले. तांडेल यांनी न्यायालयात काय सांगितले, त्यातला शब्द कोणता होता आणि त्याचा खरा अर्थ काय, असे. ते जोडून हलीमाबींनी पुन्हा अर्ज केला. कचेऱ्यांनी आपला वेळ घेतलाच. पण गेल्या वर्षी नवा कागद आला. ‘शत्रूच्या ताब्यात असताना ठार मारले गेले’ असे त्यावर लिहिले आहे. गावच्या मास्तरांनी तो वाचून दाखवला, हलीमाबींनी अंगठा दिला, आणि त्या दिवशी कासम यांच्या नावाने फातिहा, मृतासाठीची प्रार्थना, झाला. त्यांनी इतकी वर्षे तो होऊ दिला नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळले. तांडेल रजा काढून गेले होते. परत आल्यावर त्यांनी खजुराच्या डब्यात भरून तिथला शिरा आम्हाला आणून दिला.

या तीन माणसांची मिळून एक फिल्म झाली आहे. गेल्या थंडीत स्टुडिओच्या गच्चीवर पांढरी चादर बांधून, संध्याकाळच्या मगरीबच्या नमाजानंतर ती आम्ही दाखवली. ते वयस्कर व्यापारीही या वेळी आले. फिल्म संपल्यावर ते तांडेलांजवळ गेले आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवून नुसते उभे राहिले. तांडेलांची नोकरी शाबूत आहे.

दाऊदभाई मात्र समाधानी नाहीत, आणि हे लिहिताना मला त्याचाच आनंद होतो आहे. फिल्म दाखवून झाल्यावर चहा पिताना तांडेल सहज बोलून गेले, की त्या न्यायालयात पाणबुडीवरचाच एक तरुण खलाशी उभा राहिला होता. आपल्या अधिकाऱ्यासमोर त्याने मान खाली घालून सांगितले होते, की हा हिंदी माणूस म्हणतो तसेच घडले. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. बाहेर पडताना तो तांडेलांच्या बाजूने गेला, काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. काय म्हणाला ते तांडेलांना समजले नाही.

दाऊदभाईंनी कप खाली ठेवला. “काय म्हणाला असेल?”

“काय माहीत, भाई. त्यांची भाषा.”

तेव्हापासून आमचे साठ वर्षांचे दाऊदभाई जपानी शिकत आहेत. तेलवाहू जहाजांवरचे खलाशी बाजारात फोटो काढून घ्यायला येतात, त्यांच्याकडून एकेक शब्द मिळवतात आणि देवनागरीत लिहून ठेवतात. ‘आपण कुठले’, ‘आपले नाव काय’, ‘बसा’, एवढे त्यांना आता येते. त्या खलाशाचे नाव माथुरसाहेबांना अर्धवट आठवते, गाव कोणत्या बंदराजवळ तेही. दोन जहाजांवरच्या माणसांनी चौकशी करायचे कबूल केले आहे. तो माणूस हयात आहे की नाही ठाऊक नाही. सापडला तरी बोलेल की नाही, कोण सांगणार? दाऊदभाई ‘इन्शाल्ला’ म्हणतात आणि पुढचा शब्द पाठ करतात.

त्यांना भरपूर आयुष्य लाभो, डोळे स्वच्छ आणि पाय चालते राहोत. परवा सकाळी मी दुकान उघडत होतो, तेव्हा ते एका जपानी खलाशाला स्टुलावर बसवून, बोट वर करून, अडखळत एक नवे वाक्य म्हणून बघत होते. खलाशी आधी हसला, मग गंभीर झाला आणि त्याने ते वाक्य हळूहळू, नीट म्हणून दाखवले. अर्थ काय, असे मी विचारले.

“‘मग तुम्ही काय केलंत?’” दाऊदभाई म्हणाले, आणि पुन्हा म्हणू लागले.